अँटेन्याचं पांघरूण

मोजणीच्या खोलीत रडू टिकत नाही. निघतं तेव्हा मोठं असतं, पण चार हातांवर गेलं की भिंती ते गिळून टाकतात. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा काळ्या स्पंजाचे सुळके लावलेले आहेत, हातभर लांब, सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला. रेडिओच्या लहरी भिंतीवर आपटून परत येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. आवाजही त्यातच मुरतो, हा फुकटचा फायदा. माझी आयपेरी घरी पाळण्यात झोपत नाही, खांद्यावर झोपत नाही, सासूबाईंच्या गाण्यानं तर अजिबात झोपत नाही. या खोलीत आणलं की दोन मिनिटांत तिची मान माझ्या कोपरावर कलंडते. मग मी तिला बाहेरच्या टेबलाखाली, दोन खोक्यांच्या मध्ये निजवते, दार लावून घेते आणि मोजायला बसते. ती जागी होईपर्यंत जेवढं होईल तेवढं काम.

तिथे मी माझ्या आईसाठी अँटेना बनवत होते.

आई सारी-बेलच्या खिंडीत, बर्फाच्या ठाण्यावर राहते. एकटी. आधी वडील तिथे होते, ते गेल्यावर खात्यानं नवीन माणूस शोधायला सुरुवात केली आणि तो मिळेपर्यंत म्हणून आईनं काठी हातात घेतली. तो अजून मिळालेला नाही. सकाळी उठून बर्फात काठी रोवायची, खोली बघायची, बर्फ भुसभुशीत आहे की दडपलेलं ते चाचपायचं आणि खाली कोक-जारच्या रस्तेवाल्यांना कळवायचं. आई म्हणाली की कड्यावरचं बर्फ सुटेल, तर ते फाटक पाडतात. आईकडून काहीच आलं नाही तरी फाटक पाडतात, आणि मग ट्रकवाले फाटकाशी उभे राहून आईच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

कळवायला ठाण्यावर एक उंच खांब होता आणि खांबावर माशाच्या काट्यासारखा लांबलचक अँटेना. कोक-जारचा मनोरा ठाण्यावरून दोन कड्यांच्या फटीतून जेमतेम दिसतो, त्यामुळे नेमका तिकडेच बोलणारा अँटेना लागतो, आणि जुन्या पद्धतीनं तसा करायचा तर तो लांब होतो. लांब झाला की वारा खातो. बर्फ धरतो. दर हिवाळ्यात तो मोडायचा. मोडला की आई कमरेला हातातला वायरलेस बांधून ठाण्यामागचा डोंगराचा खांदा चढायची, कारण तिथून मनोरा उघडा दिसतो. कोक-जारचा सतिबाल्दी अके तेव्हा कधीकधी मला फोन लावायचा आणि फोन आपल्या वायरलेसला चिकटवून धरायचा. अके म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. हा नात्याचा नाही, पण वडिलांबरोबर त्यानं एवढी वर्षं बर्फ उपसलं की नातं आपोआप झालं. त्या फोनवर आधी वारा यायचा. बराच वेळ नुसता वारा. मग आई.

"जिबेक? जेवलीस का?"

खांद्यावर, गुडघाभर बर्फात उभं राहून ती मला हे विचारायची.

गेल्या हिवाळ्यात ती तिथून उतरताना घसरली. गुडघा फिरला. बसल्या बसल्या, घसरत घसरत ठाण्यापर्यंत आली, दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी काठीला टेकत परत चढली. मला तेव्हा सातवा महिना होता म्हणून कुणी कळवलं नाही. कळलं ते वसंतात, आयपेरीला बघायला ती आली आणि जिन्यावर दर पायरीला थांबली तेव्हा.

"अपा, आता खाली ये," मी म्हटलं. अपा म्हणजे आई.

"खाली येऊन काय करू? तुझ्या खिडकीतून गाड्या मोजू?"

"नात सांभाळ."

"नात मला सांभाळेल, तेव्हा येईन. तोवर तिकडे रस्त्यावर माणसं आहेत, शिंगरा."

शिंगरा म्हणजे मी. तिला मी अजून पाय न सावरलेलं घोड्याचं पिल्लूच वाटते. तिच्याशी वाद घालून मी हात टेकले. ती खाली येणार नसेल, तर निदान तिनं तो खांदा चढू नये एवढं मला हवं होतं. बाकी मला त्या वर्षी काहीही नको होतं, झोप सोडून.

म्हणून रजा शिल्लक असताना मी पोरीला काखोटीला मारून बिश्केकच्या प्रयोगशाळेत परत आले आणि आमच्या तोक्तोसुन आगायांपुढे कागद ठेवला. ते आमचे प्रमुख, माझे कॉलेजातले सर.

त्यांनी चष्मा वर केला. "भिंतीवर टांगायच्या ताटाएवढा अँटेना. आणि काम तोफेचं."

"हो, आगाय."

"बाळंतिणीची झोप पुरी झाली नाही की असं होतं. माझ्या बायकोला वाटायचं, शेजारीण आमचं दूध चोरते."

"चोरत होती का?"

"ते सोड." त्यांनी सही केली. "पण खोली फक्त जेवणाच्या सुट्टीत. बाकी वेळ उपग्रहवाल्यांचा आहे."

लहान अंगात नेमकेपणा भरायचा एक मार्ग आहे. त्याचं नाव भारदस्त आहे, मेटामटेरियल, वस्तू मात्र साधी. काचतंतूच्या पातळ पाटीवर तांब्याच्या बारीक, एका जागी तुटलेल्या कड्या, ओळीनं शेकडो, प्रत्येक कडी लहरीच्या लांबीपेक्षा कितीतरी लहान. तांबं तेच, पाटी तीच. पण कडीचं माप आणि मांडणी जुळली की ती पाटी लहरींना असं वळवते, जसं कुठल्या दगडाला, काचेला, पाण्याला जमत नाही. गालिच्यात लोकर सगळ्यांकडे मेंढीचीच असते, पण नक्षीवरून घर ओळखू येतं, तसंच काहीसं. अशा तीन पाट्या एकापुढे एक उभ्या करायच्या आणि मागे एक छोटासा अँटेना ठेवायचा; या सगळ्या जोडणीलाच मी पुढे पाटी म्हणते. त्याचं चौफेर सांडणारं बोलणं पाट्या गोळा करतात आणि एका बारीक झोतात पुढे सोडतात.

एकच खोड आहे. ही चीज मानी असते. ठरलेल्या एका सुरावर ती गाते, सूर जरा हलला की तोंड मिटून बसते. लहान करावी तेवढी अधिक मानी.

सगळा उन्हाळा मी तो सूर जुळवण्यात घालवला. एका हातानं पोरीला पाजायचं, दुसऱ्यानं कड्यांची मापं बदलायची. संगणक हिशोब करत असायचा तोवर लंगोट धुवायचे. कधी लंगोट वाळायचे आणि हिशोब चालूच असायचा. शेवटी मोजणीच्या खोलीत आलेखावर एक सडपातळ, लांब पाकळी उमटली, मागे जवळजवळ काही नाही. आगायांनी चष्मा वर करून ती पाकळी बघितली.

"बायकोला सांगतो," ते म्हणाले, "शेजारीण खरंच चोरत असेल."

शरदात सतिबाल्दी अकेच्या ट्रकमधून मी, आयपेरी आणि पाटी असे वर गेलो. आईनं दारातूनच पोरीला उचललं, हुंगलं, आणि मग पाटीकडे बघितलं.

"हा? ह्याच्यावर तर भाकरीसुद्धा धड मावणार नाही."

"हाच, अपा."

"आणि खांब?"

"खांब नको. वळचणीखाली, भिंतीवर. वारा लागणार नाही."

अकेनं स्क्रू पिळले, मी फटीकडे नेम धरून पाटी वळवली, आणि पाटीला जोडलेला, ठाण्यातल्या टेबलावरचा फोन वाजला. कोक-जारहून अकेचा पोरगा बोलत होता, इतका स्पष्ट की आईनं फोन कानापासून लांब धरला. मग ती बाहेर जाऊन पाटीपुढे उभी राहिली. बोटानं तिनं त्या तांब्याच्या कड्यांवरून हवेतच हात फिरवला.

"आणि ही अशीच राहणार? उघडी?"

"अशीच. आणि अपा, ऐक. हिला हात लावायचा नाही. काही टेकवायचं नाही, काही टांगायचं नाही. फार नाजूक आहे ही."

"मी कशाला लावते हात," आई म्हणाली.

ठाण्यावर विजेची म्हणून जी काही वस्तू आहे ती बुरणुसात, लोकर दाबून केलेल्या जाड कापडात, असते. बॅटऱ्यांना बुरणुसाच्या पिशव्या, वायरलेसला बुरणुसाची खोळ, कंदिलालासुद्धा टोपी. उघडी बॅटरी थंडीत मरते हे आईला वडिलांनी शिकवलं होतं आणि वडिलांना त्यांच्या आधीच्या ठाणेदारानं. मी त्या पिशव्यांमधूनच लहानाची मोठी झाले. तरी परत येताना ट्रकमध्ये मला काही सुचलं नाही. पोरगी मांडीवर झोपली होती आणि मीही झोपले.

पहिलं बर्फ पडेपर्यंत आई रोज बोलली. मग सकाळचे फोन लागेनासे झाले. दुपारी लागायचे. मी म्हटलं, थंडी. थंडीनं तांबं आक्रसतं, पाटी आक्रसते, सूर हलतो. मी दुसरी तशीच पाटी घेतली आणि संस्थेच्या खानावळीतल्या मोठ्या शीतपेटीत, घोड्याच्या मांसाच्या तुकड्यांमध्ये ठेवून दिली. खानावळवाली मला ओळखते म्हणून गप्प बसली. दुसऱ्या दिवशी कडकडीत गोठलेली पाटी मी पळत पळत मोजणीच्या खोलीत नेली. ती गातच होती. सूर तसूभरही हलला नव्हता.

"मांसाबरोबर झोपूनही तिचं काही बिघडलं नाही," आगाय म्हणाले. "माझं बिघडलं असतं."

मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात दुपारचे फोनही बंद झाले. आणि मग एका संध्याकाळी सतिबाल्दी अकेचा फोन आला. आधी वारा.

बराच वेळ नुसता वारा.

"जिबेक? जेवलीस का?"

"अपा, तू खांद्यावर आहेस?"

"मग काय चंद्रावर आहे?"

"पाटीला काय झालं?"

"काही नाही. छान आहे. बॅटरी उतरतेय, ठेवते."

त्या रात्री आयपेरीचा पहिला दात येत होता. ती रडत होती, मी तिला घेऊन येरझाऱ्या घालत होते, आणि प्रत्येक फेरीला मला एकच गुडघा दिसत होता, पोरीचा नव्हे.

रस्तेवाल्यांनी कड्यावरचं बर्फ पाडून रस्ता मोकळा केल्यावर मी अकेला म्हटलं, मला वर ने.

"बाळाला घेऊन? अक्कल कुठे चरायला सोडलीस?"

"बाळाला सोडून कशी येऊ? ती माझ्या अंगावरच पिते अजून."

"आणि मी तुझ्या आईला काय सांगू, की थंडीत नात आणली म्हणून? ती मला कड्यावरून ढकलेल." हे म्हणत म्हणत त्यानं ट्रकच्या केबिनमध्ये मेंढीचं कातडं अंथरलं.

ठाण्याशी उतरले तेव्हा पाटी दिसलीच नाही. तिच्या जागी वळचणीखाली एक गुबगुबीत करडी उशी लटकत होती. जवळ गेले. जुन्या बुटांच्या आतल्या बुरणुसातून कापलेली, दुहेरी, चारही बाजूंनी बारीक टाके घातलेली, आणि मधोमध लाल दोऱ्यानं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. आमच्याकडे अशी नक्षी लग्नाच्या गालिच्यावर घालतात. धुराडं तिथून हातभरावर होतं. त्याच्या उबेनं वळचणीचं बर्फ दिवसा ठिबकायचं, उशी ते प्यायची आणि रात्री गोठायची. मी बोट दाबलं तर दगड.

ओल्या बुरणुसाच्या आत माझे सगळे सूर गाडले गेले होते.

"अपा!"

आई दारात आली, आयपेरी आधीच तिच्या कडेवर. मी उशीकडे बोट दाखवलं. माझा आवाज चढला होता. एवढी दमलेली असताना तो कुठून आला कोण जाणे.

"हात लावू नकोस म्हणाले होते ना मी! एवढं एकच सांगितलं होतं! सगळा उन्हाळा मी ह्याच्यात घातला, आणि तू त्याला उशी शिवलीस?"

"ओरडू नकोस, पोर घाबरते."

"तू रोज तो डोंगर चढतेस, ह्या उशीपायी!"

"उशी नंतर आली," आई म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "आधी तुझी ती पाटी सकाळी पांढरी व्हायची. पिसं यायची तिच्यावर. एवढी लांब. तू म्हणालीस हात लावू नको, मी नाही लावला. दुपारी ऊन आलं की गळायची. मग ऊनच येईना. मग मी झाडूनं झाडली. झाडूनं तुझ्या दोन कड्या गेल्या. त्या मी शोधल्या, बर्फात नाही मिळाल्या. मग मी घातलं पांघरूण. उघडी मरू द्यायची होती का?"

मी कात्री मागितली. टाके कापताना माझी बोटं वाकत नव्हती, आणि आईनं ते टाके किती घट्ट घातले होते हे प्रत्येक टाक्याला कळत होतं. उशी निघाली. आत दोन जागी तांब्याच्या ऐवजी नुसतं ओरखडलेलं पिवळट फायबर होतं. टेबलावरचा फोन एकदा खुर्रर झाला आणि कसाबसा लागला.

सकाळी उठून बघितलं तर पाटी पांढरी. दवाची बर्फपिसं, बोटभर लांब, वाऱ्याच्या दिशेनं वाढलेली, सुंदर. फोन मुका.

मी तिच्यापुढे उभी राहिले. याच ठाण्यावर लहानपणी माझं काम होतं, सकाळी उठून खिडकीच्या काचेवरून ही पिसं खरवडायची. जीभ लावून पाहायची. मला सगळं माहीत होतं. वारा धरला, थंडी धरली, आणि ही पिसं मी विसरले. कारण मोजणीच्या त्या काळ्या खोलीत हवामान नसतं, ऋतू नसतो, सकाळ नसते. तिथे फक्त आयपेरीची झोप असते.

आई चहाचे वाडगे घेऊन बाहेर आली. आम्ही दोघी उभ्याउभ्या प्यायलो.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"कुणाचं नाही चुकत. तुझे वडील एकदा खात्याचा तापमापकच बुरणुसात गुंडाळून बसले होते. आठवडाभर खाली कळवत होते, सारी-बेलला उन्हाळा आला."

मी हसले आणि मग हसताना रडायला लागले. आईनं वाडगा काढून घेतला, एवढंच.

माझ्या मनात तेव्हा काहीतरी चाललं होतं, पण सांगण्याइतकं पक्कं नव्हतं. मी तिला विचारलं, "असं बुरणूस असतं का, जे पाणी पीत नाही?"

"असतं की. न धुतलेल्या लोकरीचं. मेंढीचा चिकटा राहतो त्यात, पाणी वरून घरंगळतं. वास मारतो, म्हणून शहरातल्यांना चालत नाही." ती आत गेली आणि पेटीतून एक घडी काढून आणली. "हे आयपेरीच्या पाळण्याखाली घालायला ठेवलं होतं. अर्धं ने."

"अपा, पाटीही न्यावी लागेल मला. मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणजे परत आणेपर्यंत तुला..."

"ने. अर्धवट ऐकणाऱ्यापेक्षा ठार बहिरा बरा. खांदा कुठे पळून जात नाही."

"तू खाली ये ना माझ्याबरोबर. हा एक हिवाळा."

तिनं आयपेरीच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली. खाली, वळणावर, ट्रकांची रांग फाटकाशी थांबलेली दिसत होती. तिनं काठी उचलली, वायरलेस कमरेला बांधला आणि खांद्याकडे निघाली. मी ट्रकमध्ये बसून मागे बघत राहिले. दर दहा-पंधरा पावलांनी ती थांबत होती.

पुढचे दिवस मला एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मोजणीची खोली, बाकी वेळ घर, स्वयंपाक, दात. रोज अकेचा निरोप यायचा: चढली, उतरली. मी मोजणीच्या खोलीत बुरणुसाचा तुकडा पाटीवर धरला आणि सूर किती खाली जातो ते बघितलं. बराच खाली जातो. पण दरवेळी तेवढाच जातो. कोरडं राहिलं तर बुरणूस शब्दाचं पक्कं असतं. ओलं झालं की बेभरवशाचं. म्हणून मी तो तुकडा खिडकीबाहेर बर्फात पुरला, न्हाणीघरात वाफेवर टांगला, नळाखाली धरला. पाणी थेंबाथेंबानं घरंगळून गेलं. न धुतलेल्या लोकरीनं एक थेंबही घेतला नाही. वास मात्र दिला.

दुसऱ्या दिवशी उपग्रहवाल्यांपैकी एक जण मोजणीच्या खोलीतून नाक धरून बाहेर आला. "आगाय, आत कुणी मेंढी कापलीय का?"

आगायांनी मला बोलावलं. "जिबेक, काय चाललंय?"

मी सांगितलं. पांघरूण सूर खाली ओढतं, म्हणून कड्या आधीच लहान करायच्या, म्हणजे त्यांचा सूर वर जाईल आणि पांघरूण घातल्यावर बरोबर जागेवर येऊन बसेल. पिसं वाढू देत, ती पांघरुणावर वाढतील, कड्यांपासून दोन बोटं लांब. तिथून ती फारसं बिघडवू शकत नाहीत. आणि वर काठी मारली की झडतील, तांब्याला ओरखडा नाही.

"म्हणजे पांघरुणाशिवाय तुझा अँटेना बहिरा."

"ठार बहिरा."

"अहवालात काय लिहू? टोपरं? आणि पुढच्या वर्षी मोजे विणशील?"

"लागले तर विणीन, आगाय."

त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली. माझ्या केसांत लापशी वाळली होती, हे मला नंतर आरशात दिसलं. "उपग्रह काय, आकाशातच असतो," ते म्हणाले. "पळत नाही. आठवडाभर खोली तुझी."

नव्या कड्या कोरून आल्या. पांघरूण मी स्वतः शिवलं, पोरगी मांडीवर पीत असताना, तिच्या डोक्यावरून सुई नेत. नक्षी काढायचा प्रयत्न केला. शिंगांच्या जागी काहीतरी उमटलं. उघडी पाटी मोजली: आलेखावर नुसता पसारा, पाकळीचा पत्ता नाही. पांघरूण चढवलं. पाकळी आली. आधीच्यापेक्षा थोडी जाड, पण नेमकी तिकडेच बघणारी. मागून आयपेरी उठल्याचं ऐकू आलं. मी पाकळीकडे पुरतं बघितलंही नाही.

पाटी घेऊन मला जाता आलं नाही. पोरीला ताप होता. अकेनं ती कातड्यात गुंडाळून नेली. कशी लावायची, कुठे वळवायची, सगळं मी त्याला सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आणि पांघरूण काढायचं नाही. अपाला सांग, काहीही झालं तरी काढायचं नाही."

"आधी म्हणालीस घालायचं नाही, आता म्हणतेस काढायचं नाही. तुम्ही शिकलेल्या बायका म्हणजे..."

"अके, सांग तिला."

तो गेला आणि त्याच्यामागे खिंड बंद झाली. वरती वादळ. ठाण्याकडून काही नाही. कोक-जारलाही काही नाही. फाटक पडलेलं. तिसऱ्या दिवशी आयपेरीचा ताप उतरला आणि ती माझ्या अंगावर झोपली, तोंड उघडं, घामेजलेली. मी हलत नव्हते. खिडकीबाहेर कोळशाच्या धुरात दुपार मावळत होती. डोळे उघडे ठेवायलाही मला कंटाळा आला होता. तेव्हा उशीखाली फोन थरथरला.

मी तो कानाला लावला आणि सवयीनं वाऱ्याची वाट बघितली.

वारा आला नाही. काहीतरी बारीक, लयीत वाजत होतं, पत्र्यावर पत्रा. ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. ठाण्यातल्या शेगडीवरच्या किटलीचं झाकण होतं ते. तिच्या कडेला पोचा आहे, उकळी आली की ती अशीच वाजते. लहानपणापासून.

"जिबेक? ऐकू येतंय का?"

मी फोन कानाशी दाबून धरला.

"हॅलो? हा कोक-जारहून अकेचा पोरगा म्हणतो लागलं म्हणून. अगं, तीन दिवस वादळ, सकाळी बघते तर टोपऱ्यावर ही एवढी पिसं. काठीनं झाडली. लागला फोन. जिबेक?"

"येतंय ऐकू, अपा."

"मग बोल की. आणि ही शिवण कुणी घातलीय?"

"मी."

"वाटलंच. गाढवाच्या खोगिराला बरी असते अशी. आणि ते मधे काय काढलंयस, कोळी?"

"शिंगं आहेत ती."

"बरं, शिंगं तर शिंगं. उन्हाळ्यात उसवून नीट घालू." ती थांबली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बसताना ती जो एक सुस्कारा टाकते, तोही आला, अगदी कानाशी. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव मग. मी बसलेय इथे."

किटली वाजतच होती. मी म्हटलं, "अपा, किटली उतरव, पाणी आटेल."

"आटू दे," आई म्हणाली. "पोर काय करतेय ते सांग."